जुन्या गाडीत 'अर्थ' शोधताना

आमच्या जुन्या टाटा ४०७ टेंपोचं काम साधं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग उचलायचं आणि गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपला नेऊन टाकायचं. गुऱ्हाळं पेटली की मधेमधे गुळाच्या रव्यांचं, म्हणजे ढेपांचं, भाडं. एका पावसाळ्यात तिनं सेल्फ घ्यायचं सोडलं. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. चावी फिरवली की नुसतं 'टक्', आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझत आल्यासारखे मंद. बॅटरी नवी टाकली, आठ दिवस बरी चालली. मग सेल्फ उतरवला. कार्बन, बुश सगळं नवं झालं. पंधरा दिवस चालली. मग बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय. शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या वायरमननं बॉनेटला हात न लावता थेट गाडीखाली मान घातली, गिअर बॉक्सजवळची एक काळी पडलेली पट्टी बोटानं हलवली आणि म्हणाला, "अर्थ कुठाय तुझ्या गाडीत? बॅटरीला कशाला शिव्या देतोयस लेका!"

अर्थ म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, आणि ती या पट्टीतून होते. पट्टी हातातच आली. वरून धड दिसत होती, आतल्या तारा हिरव्या होऊन तुटलेल्या. आणि ती जिथं बसवली होती तिथं चेसीसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, रंगाचा जाड थर. आधी कधीतरी गाडी रंगवून घेतली होती. रंगवणाऱ्यानं पट्टी काढून, खाली रंग मारून, वर पुन्हा छान आवळून दिली होती.

बॅटरी बदलल्यावर आठ दिवस गाडी का चालली, हे कोडं मला नंतर उलगडलं. बॅटरी काढताना तिच्या खांबावर आवळलेला क्लॅम्प हलतो, सेल्फ उतरवताना आजूबाजूचे बोल्ट आणि पट्ट्या हलतात. गंज थोडा खरवडला जातो, वाट थोडी मोकळी होते. त्यात नव्या बॅटरीचा जोर. आपल्याला वाटतं, पार्ट बदलला म्हणून दुरुस्त झालं. ओल लागली की पुन्हा तेच. म्हणून नव्यानं जुनी गाडी घेतलेल्यांना माझं एकच सांगणं असतं: कुठलाही महाग पार्ट उतरवायच्या आधी अर्थिंग मोजा. बघू नका, मोजा.

वीज परत कशी येते

घरात जशा दोन वायरी असतात तशा गाडीत बहुतेक ठिकाणी नसतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फपर्यंत जाड केबल दिसते. परतीची वाट मात्र लोखंडातून आहे. सेल्फच्या अंगातून इंजिनात, इंजिनातून पट्टीनं चेसीसवर, चेसीसवरून केबलनं बॅटरीच्या निगेटिव्हला. आता इंजिन बसलंय कशावर? रबरी फौंडेशनवर. रबरातून वीज जात नाही. म्हणजे इंजिन आणि चेसीस यांच्यातला विजेचा पक्का पूल एकच, ती पट्टी. केबिनही रबरावर असते, तिची वेगळी वायर असते.

हिशेब करून बघा. छोट्या डिझेल गाडीचा सेल्फ २०० अँपिअर सहज ओढतो, गार इंजिनला त्याहून जास्त. वाटेत कुठं गंजामुळं फक्त ०.०१ ओहमचा अडथळा झाला, तर २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथंच गेले. १२ मधले २ गेले तर सेल्फ कण्हणारच. आणि त्या एका सांध्यावर ४०० वॉटची उष्णता तयार होते. सेल्फ मारून झाल्यावर एखादा बोल्ट हाताला चटका देत असेल तर दोष तिथंच समजा.

पट्टी पूर्ण तुटली तरी वीज गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधते. अॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल इंजिनला आणि केबिनला जोडलेली असते, मग सेल्फचा करंट तिच्यातून घुसतो. केबलचं प्लास्टिक वितळणं, केबल जाम होणं, अशा तक्रारी घेऊन लोक केबल बदलत बसतात. वर्षात दोनदा अॅक्सिलरेटर केबल गेली असेल तर आधी पट्टी बघा.

बाकीच्या खुणाही ओळखीच्या आहेत. हेडलाईट लावला की वायपर मंदावतो. इंडिकेटर टिकटिकला की टेंपरेचरचा काटा त्याच्या तालावर नाचतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. यातला काटा आणि वायपर म्हणजे बहुधा केबिनचं किंवा इंजिनचं अर्थिंग. मागच्या दिव्याचं दुखणं बहुतेक वेळा दिव्यापाशीच असतं.

आधी मापन

दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. पण त्याचा 'बीप' वाजवून अर्थिंग तपासू नका. पन्नास तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर आनंदानं बीप करतो, कारण त्याला चिमूटभर करंट पुरतो. एक बैल जाईल एवढ्या वाटेवरून उसाची ट्रॉली जाते का? तपासणी करंट वाहत असतानाच करायची.

सगळ्यात आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ओंडके. इंजिन चालू होता कामा नये, फक्त फिरलं पाहिजे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन बंद करायची केबल सोबतच्या माणसानं ओढून धरायची. हात, शर्टाची बाही, गळ्यातला टॉवेल फॅनपासून लांब. हे शेवटचं उगाच लिहिलेलं नाही.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा ऑइलचा थर नसलेल्या जागी. आता सोबत्याला सेल्फ मारायला सांगा, चार-पाच सेकंद. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत वाया जातायत. १२ व्होल्टच्या गाडीत ०.२ ते ०.३ पर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेला तर काम काढलंच पाहिजे. आमच्या गाडीत तो १.९ होता.

आकडा मोठा आला की वाटेचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावर पुन्हा सेल्फ मारून बघा. खांब ते क्लॅम्प. क्लॅम्प ते चेसीस. चेसीस ते इंजिन. इंजिन ते सेल्फचं अंग. आमच्याकडे पहिल्या दोन ठिकाणी ०.१ आणि ०.१ आले, चेसीस ते इंजिन १.७. झालं, चोर सापडला. दोन प्रयत्नांच्या मधे सेल्फला अर्धा मिनिट तरी विसावा द्या.

चौथा तुकडा लोक विसरतात. सेल्फचं स्वतःचं अर्थिंग त्याच्या बसायच्या तोंडातून होतं. दुरुस्तीनंतर सेल्फ चकचकीत दिसावा म्हणून त्या तोंडावरही स्प्रे मारलेला मी पाहिलाय. गिऱ्हाईक खूश, सेल्फ उपाशी.

मीटर नसेल तर गावठी पण खात्रीचा उपाय: जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या जाड लोखंडाला. सेल्फ एकदम खणखणीत फिरला तर दोष अर्थिंगमध्येच. यानं दोष नेमका कुठल्या सांध्यात ते कळत नाही, पण रस्त्यात अडकलात तर घरी पोचता येतं.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एक सूचना. तिथं २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. त्यात निगेटिव्ह खांब दोन दिसतात. एक चेसीसला जातो, दुसरा शेजारच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मधला निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग नव्हे. तिथून चेसीसला वायर जोडलीत तर एक बॅटरी सरळ शॉर्ट होईल. केबल हातानं शेवटपर्यंत चाचपून मगच पाना लावा. शिवाय काही गाड्यांत निगेटिव्ह केबल चेसीसवर न जाता आधी गिअर बॉक्सवर येते आणि तिथून पट्टी चेसीसला जाते. अशा गाडीत पट्टी खराब झाली तर सेल्फ मस्त फिरतो आणि दिवेच मंदावतात. म्हणून आपल्या गाडीत वाट कशी आहे, हे एकदा खाली झोपून बघून घ्या.

खोलणे आणि घासणे

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. कारण साधं आहे. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना चेसीसला टेकला, तर पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा पेटतो. निगेटिव्ह आधी सोडलेला असला तर तोच पाना टेकूनही काही होत नाही.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं लावा. फेस थांबेपर्यंत लावा, मग साध्या पाण्यानं धुवा. बॅटरीची बुचं घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर ॲसिड मारला जातो. हातात मोजे, डोळ्याला चष्मा.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विश्वास नको, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. पट्टीचा बोल्ट बहुधा हलणार नाही. आपल्याकडे चेसीसवर फौंड्रीची काळी धूळ, शेतातला चिखल आणि हंगामात उसाचा चिकट रस यांचा गिलावा बसतो, आणि तो ओल धरून ठेवतो. कोकणात उतरणाऱ्या गाड्यांना समुद्राकाठची खारी हवा वेगळी. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी तारेच्या ब्रशनं आटे साफ करून मग पाना लावा. रिंगचा पाना घ्या. तोंडाच्या पान्यानं कोपरे गोल होतात. पुढं-मागं, पुढं-मागं करत काढा. तुटलाच तर चेसीसच्या वरच्या-खालच्या पट्टीला नवीन भोक पाडू नका, वजनाचा ताण तिथं असतो. जवळपास कारखान्यातून आलेलं रिकामं भोक शोधा, सापडतं.

आता खरं काम. थिंबल म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेलं, बोल्टासाठी भोक असलेलं धातूचं टोक. ते बसतं त्याहून बोटभर मोठा गोल घासायचा. आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. रंग, प्रायमर, गंज सगळं जाऊन लोखंड रुपयाच्या नाण्यासारखं चकाकलं पाहिजे. "बरंचसं निघालं" म्हणजे निघालेलं नाही. थिंबलच्या दोन्ही बाजू, बोल्टाचं डोकं, वॉशर, नटाचं तोंड, सगळं घासा. ग्राइंडर लावलात तर जपून. चेसीसवर दोन सेकंद पुरतात, आणि गिअर बॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असेल तर तिथं ग्राइंडर नकोच. शेवटी फडकं पेट्रोलमध्ये किंचित भिजवून पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

पट्टी ठेवायची की नवी करायची

पट्टी वाकवून बघा. करकर आवाज आला, हिरवट चुरा पडला, किंवा थिंबलच्या मानेपाशी तारा तुटलेल्या दिसल्या तर ती गेली. वायरवर रबर असेल तर थिंबलजवळ पाव इंच सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर आतपर्यंत काळं असण्याची शक्यता जास्त. काळ्या तांब्याला थिंबल पुन्हा ठोकून उपयोग नाही.

नवी करायची तर सेल्फला जाणाऱ्या पॉझिटिव्ह केबलइतकी जाड घ्या. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, हे विसरून लोक अर्थला बारकी वायर टाकतात. तांब्याचीच घ्या. बाजारात वरून तांब्यासारखी दिसणारी, आत ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. टोक ब्लेडनं खरवडलं की पांढरं दिसतं.

थिंबल हातोडीनं चेचू नका. दुकानात हायड्रॉलिक क्रिंपिंगचं, म्हणजे थिंबल केबलवर दाबून आवळायचं, यंत्र असतं, पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं झाळून बसवलेलं थिंबल मला पसंत नाही. झाळ केबलमध्ये वर चढतो, तिथं ती कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. क्रिंप करा, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. थिंबलचं भोक बोल्टाच्या मापाचंच हवं. ८ मिमीच्या बोल्टाला १२ चं भोक म्हणजे टेकायला कडाच उरत नाहीत.

लांबी मोजताना ताणून मोजू नका. सेल्फ मारला की इंजिन फौंडेशनवर हेलकावतं, तेवढी ढील ठेवा. पण मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर लोंबेल एवढीही नको.

बसवणे

क्रम असा: चेसीसचं उघडं लोखंड, त्यावर थेट थिंबल, मग साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. थिंबल आणि लोखंड यांच्या मधे काहीही नाही. वॉशर मधे घातलेला मी कितीदा काढलाय त्याला गणती नाही. एका बोल्टाखाली चार-पाच थिंबलं रचायची सवयही सोडा. टेपची वायर, रिव्हर्स हॉर्न, लाइटिंगच्या माळा सगळ्या त्याच बोल्टावर, आणि खाली इंजिनची पट्टी गुदमरलेली. त्यांना वेगळा बोल्ट द्या.

घट्ट आवळा. ॲल्युमिनियमच्या घरात मात्र हात आखडता घ्या, तिथले आटे मऊ असतात. आवळून झाल्यावर बाहेरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा थर द्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. ग्रीसमधून वीज जात नाही, म्हणून आधी थापून मग आवळू नका. खिडक्यांना लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन इथं अजिबात वापरू नका, त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. चेसीसचा घासलेला गोल ग्रीसच्या बाहेर उरला असेल तर त्यावर रंग मारा. आता चालेल, कारण सांधा आत सुरक्षित आहे.

केबिनची वायर आणि मागच्या दिव्यांची वायर याच पद्धतीनं एकदा खोलून घासून बसवा. त्यांत करंट थोडा असतो, पाऊण तासात दोन्ही होतात.

पूर आणि वेल्डिंग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तुमच्या हाती आली असेल तर मोजत बसू नका. अर्थिंगचा प्रत्येक सांधा खोला. पुराचा बारीक गाळ थिंबलच्या मानेत शिरून बसतो आणि गाडी वरून धुऊन-पुसून झाली तरी तो तिथंच असतो. जुनी गाडी विकत घेताना बॅटरी बॉक्सच्या मागं बोट फिरवा, पिवळट मऊ माती लागली तर विचारायचं ते विचारा.

दुसरं म्हणजे बॉडीचं वेल्डिंग. फाळका तुटला की आपण गाडी तशीच वेल्डरपुढं उभी करतो, तो अर्थचा चिमटा दिसेल तिथं लावतो. चिमटा पुढच्या बंपरला आणि वेल्डिंग मागं, तर तो करंट संपूर्ण चेसीसमधून आणि वाटेतल्या पट्ट्या, बेअरिंगांमधून फिरतो. बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढा आणि चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून हातभर अंतरावर, घासलेल्या लोखंडाला लावायला सांगा. वेल्डर कुरकुरतो, करू द्या.

पुन्हा मोजा

सगळं जोडल्यावर सुरुवातीचंच मापन पुन्हा करा, त्याच दोन जागांवर पिना ठेवून. मग इंजिन चालू करून हेडलाईट, वायपर, ब्लोअर सगळं लावा आणि बॅटरीवर व्होल्ट बघा: १२ च्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४, २४ च्या गाडीत त्याच्या दुप्पट. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून अल्टरनेटर तपासायची जुनी खोड काही जणांना आहे. तसं केलं तर व्होल्ट उसळतात आणि अल्टरनेटरमधले डायोड उडू शकतात.

म्हाताऱ्या वायरमननं जाताना आणखी एक सांगितलं होतं, ते मी पाळतो. आकडा आणि तारीख ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवायची. पाऊस संपला की दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचाच असतो, त्याच दिवशी सकाळी मीटर लावायचा आणि नवा आकडा खाली लिहायचा. आमच्या दारावर पहिला आकडा १.९, त्याखाली दुरुस्तीनंतरचा ०.१४, मग ०.१५, आणि गेल्या दसऱ्याचा ०.२१. म्हणजे यंदा क्लॅम्प आणि पट्टी पुन्हा एकदा घासायला काढायची.